मराठी लेखाचे शब्द मोजायला कुठलं साधन बरं?

साखळीची_लेखिका
मंडळी, नमस्कार. मी रविवारच्या पुरवण्यांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी लेख लिहिते. यंदा एका अंकाच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय, 'मर्यादा 800 शब्द, वाढीव मजकूर संपादक कापतील'. लेख तयार आहे, पण नेमके शब्द किती तेच कळेना. वर्डमध्ये 826 दाखवतात. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिबरऑफिस आहे, तिथे 812. मुलीने शब्द मोजून देणारं एक संकेतस्थळ शोधून दिलं, त्यात तोच लेख चिकटवला तर आकडा दोन हजारांच्या वर गेला! लेख तोच, एक कानामात्रा बदललेली नाही.

कापायचंच असेल तर मी माझ्या हाताने कापीन. संपादकांकडे गेलं की नेहमी शेवटचा परिच्छेद उडतो, आणि माझं म्हणणं बहुतेक वेळा तिथेच असतं. तुम्ही सगळे काय वापरता? मोबाइलवर चालणारं असेल तर फार बरं, निम्मं लेखन माझं बसमध्ये होतं.

पणजीकर_भाऊ
वर्ड. खाली डाव्या कोपऱ्यात आकडा दिसतो तो धरायचा. विषय संपला.

काणकोणची_माई
भाऊ, विषय आत्ताच सुरू झालाय, तुम्ही कुठे संपवताय. 🙂

ताई, मी गूगल डॉक्समध्ये लिहिते. फोनवर वरच्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की यादीत 'वर्ड काउंट' येतं. संगणकावर टूल्समध्ये आहे, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबायचं. तिथेच 'टाइप करताना आकडा दाखवा' अशी खूण करता येते, मग तो सतत समोर राहतो. मला तो समोर असलेला आवडतो. पाचशेच्या पुढे गेला की मी आपोआप आवरतं घेते.

वाळपईचो_आनंद
माईंचं ठीक आहे, पण आमच्या सत्तरीत पावसाळ्यात नेट सकाळी गेलं की रात्री येतं. मी डॉक्समधल्या त्या फायलीला आधीच 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवतो. ते केलं नाही तर लेख ढगात आणि आपण ढगाखाली.

कळफलक
मी फोंड्याला सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून त्या दोन हजारांच्या आकड्याबद्दल नीट लिहितो. तिथे लेखाचा दोष नाही, संकेतस्थळाने शब्द कसा ओळखायचा हेच चुकीचं ठरवलंय.

शब्द मोजायच्या ढोबळ दोन पद्धती आहेत. पहिली, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे शब्द संपला असं मानायचं. ही मराठीला बरोबर चालते. दुसरी, सलग 'अक्षरं' सापडतील तो एक शब्द. इंग्रजीत दोन्हींचं उत्तर जवळपास सारखं येतं. मराठीत दुसरी पद्धत कोलमडते, कारण युनिकोडमध्ये (संगणकात सगळ्या लिप्या साठवायची सर्वमान्य पद्धत) काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांना 'अक्षर' या गटात धरलेलं नाही. ती चिन्हं जोडखुणांच्या वेगळ्या गटात आहेत. केवळ अक्षरांचा गट शोधणारा प्रोग्राम प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तोडतो.

एक वाक्य घ्या: काल म्हापशाच्या बाजारात खूप गर्दी होती. सहा शब्द. असा प्रोग्राम 'काल'चे क आणि ल असे दोन करतो. 'म्हापशाच्या'चे म, ह, पश, च, य असे पाच. 'बाजारात'चे चार. खूप, गर्दी, होती यांचे प्रत्येकी दोन. एकूण 17. सहाचे सतरा म्हणजे पावणेतीनपट. ताईंचे आठशे काही शब्द दोन हजारांच्या वर गेले ते याच हिशेबाने.

काही साधनं याहून जुन्या वळणाची असतात, त्यांना फक्त रोमन अक्षरं कळतात. तिथे अख्खा मराठी लेख टाकला तरी उत्तर शून्य. शून्य आलं तर निदान चूक उघड दिसते. दीडपट-दुप्पट आकडा आला तर माणूस गोंधळतो आणि चांगला लेख कापायला बसतो, ते जास्त वाईट.

पणजीकर_भाऊ
हे वाचून मी मुद्दाम एका साइटवर बघितलं. माझ्या चार ओळींचे बावन्न शब्द निघाले. कळफलकबाब, बरोबर बोललात.

साखळीची_लेखिका
कळफलक, फार आभार. आता वर्ड आणि लिबरऑफिसमधल्या चौदांच्या फरकाचं सांगा. दोन्ही तर मोठी नावं आहेत.

कळफलक
तुमच्या लेखात संवाद किंवा मध्येच थांबून लिहिलेली वाक्यं आहेत का? दोन शब्दांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना जागा सोडून, लांब आडवी रेघ? तसा एक परिच्छेद इथे टाकता का?

साखळीची_लेखिका
हा घ्या:
'आजी म्हणायची – नदी रागावली की तिला बोलू द्यावं – आणि खरंच, पूर ओसरेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. मग तिचं ते ठरलेलं वाक्य – झालं तिचं बोलून !'

अक्षरजुळणी
परिच्छेद सुंदर आहे ताई. अंक आला की इथे सांगा, विकत घेणार.

कळफलक
सापडलं. या तीन रेघा तीन 'शब्द' आहेत. वर्ड फक्त मोकळी जागा बघतो, त्यामुळे दोन्हीकडे जागा सोडलेली एकटी रेघसुद्धा त्याच्या लेखी शब्द ठरते. लिबरऑफिसमध्ये लांब रेघ ही शब्द तोडणारी खूण म्हणून आधीच नोंदलेली असते, म्हणून ती मोजली जात नाही. रायटरच्या (लिबरऑफिसमधलं लिहायचं साधन) ऑप्शन्समध्ये 'जनरल' पानावर 'वर्ड काउंट' असा भाग आहे, तिथे अशा खुणा कमी-जास्त करता येतात. पूर्ण लेखात अशा चौदा रेघा असतील तर हिशेब जुळला.

शेवटचं 'बोलून !' बघा. उद्गारचिन्हाआधी जागा आहे, म्हणून वर्डमध्ये ते चिन्हही स्वतंत्र शब्द होतं. उलट बाजूने, पूर्णविरामानंतर जागा राहिली नाही, 'झाला.मग' असं झालं, की दोन शब्दांचा एक होतो.

काणकोणची_माई
बोलून टाइप करणाऱ्यांकडे हे दोन्ही सापडतं. फोन चिन्हाआधी जागा सोडतो नाहीतर पुढची खातो. मी मोजण्याआधी फाइंड-रिप्लेसमध्ये जाऊन 'जागा आणि प्रश्नचिन्ह' च्या ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह करते, तसंच उद्गारचिन्हाचं.

साखळीची_लेखिका
रेघा मोजल्या. बरोबर चौदा! म्हणजे खरा आकडा 812च्या आसपास. दहा-बारा शब्दच काढायचेत, जीव भांड्यात पडला.

अक्षरजुळणी
मडगावात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम आहे, स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका सगळं करतो. पलीकडच्या बाजूने दोन शब्द.

आम्हाला पानावर शब्द दिसत नाहीत, ओळी दिसतात. '800 शब्द' हा संपादकांनी लेखकाला समजेल असा दिलेला अंदाज. ऐनवेळी जाहिरात आली, फोटो मोठा झाला, चौकट घातली, की त्याच 800 शब्दांना जागा पुरत नाही. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये मजकुरात कर्सर ठेवून इन्फोची खिडकी उघडली की शब्द, ओळी, परिच्छेद दिसतात. जे पानात मावलं नाही त्याचा आकडा अधिकच्या चिन्हापुढे वेगळा येतो. संपादक माझ्या खांद्यावरून तोच आकडा वाचत असतात. म्हणून लेखकांना एकच विनंती, लेख पाठवताना 'जागा कमी पडली तर हा परिच्छेद वगळावा' असं स्वतः लिहून द्या. मग ताईंचा शेवटचा परिच्छेद वाचेल. वेळेच्या घाईत हाताशी लागतो तो शेवटच, दुसरं कारण नसतं.

आणखी एक. अजून बरेच लेखक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर देतात. तिथे दिसायला मराठी असलं तरी आत सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. अर्धं अक्षर वेगळं, काना वेगळा, काही तुकडे तर कंस किंवा स्वल्पविरामाच्या जागी बसवलेले. मोकळ्या जागेवर मोजणाऱ्या साधनात त्याचेही शब्द बरोबर येतात. पण विरामचिन्हं गाळून मोजणारं साधन असेल तर शब्द मधूनच फुटतो.

जुना_बातमीदार
अक्षरजुळणींनी ओळींचा विषय काढला म्हणून लिहितो. आम्ही हाताने लिहायचो तेव्हा दहा ओळींतले शब्द मोजून सरासरी काढायची आणि पानावरच्या ओळींनी गुणायचं. ज्याचं अक्षर एकसारखं त्याचा अंदाज कधी फारसा चुकत नसे. पुढे पुढे तर हातातल्या कागदांच्या जाडीवरून कळायचं.

माझं मत थोडं वेगळं आहे. तुम्ही आधी आकडा आणि मग लेख असं करू नका. लिहिताना कोपऱ्यात आकडा पळत असला की माणूस वाक्य पूर्ण करायच्या ऐवजी मर्यादा पूर्ण करतो. आधी मनासारखं लिहा, एक रात्र जाऊ द्या, मग मोजा.

काणकोणची_माई
बाब, तुमचा मान राखून सांगते, मला उलटा अनुभव आहे. आकडा दिसत नसला की मी प्रस्तावनेतच निम्मा लेख संपवते. घर, मुलं, सासूबाईंचं औषधपाणी यातून जो तासभर मिळतो त्यात दोनदा लिहायची चैन मला नाही. मर्यादा पाळणं हे आपल्यानंतर त्या पानावर येणाऱ्या लेखकासाठीही असतं, त्याची जागा आपण का खायची?

जुना_बातमीदार
हे मात्र मान्य, माई. शेजारच्या लेखकाचा विचार बातमीदाराने करायला हवा होता, तुम्ही केलात.

पेडण्याचो_नाटककार
नाटकवाल्यांचं दुःख निराळं. आमच्याकडे जत्रेचं नाटक शब्दांत मोजत नाहीत, कोंबडा आरवेपर्यंत मोजतात. स्पर्धेला उतरलो की मात्र वेळेची मर्यादा असते. संहितेचे शब्द कितीही नेमके मोजले तरी नायकाने एक पद रंगवलं की सगळा हिशेब मांडवी नदीत.

डिचोलीचे_सर
आकाशवाणी पणजीवर भाषण द्यायचं असेल तर शब्दमोजणी फार कामाला येते. मी मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द धरतो. दहा मिनिटांचं भाषण म्हणजे हजारच्या आसपास लिहायचं आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचायचं. घाईने वाचणाऱ्याचे शब्द जास्त मावतात, पण ऐकणाऱ्याला त्यातलं कमी कळतं.

शाळेच्या निबंध स्पर्धेचा प्रश्न मला रोज पडतो. '300 शब्दांत लिहा' म्हटलं की काही मुलं 'घरा समोर', 'झाडा खाली', 'शाळे पासून' असं तोडून लिहितात. मराठीत शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला जोडूनच लिहायचं असतं. तोडून लिहिलं की एकाच मजकुराचे शब्द वाढतात. कुठलंही साधन हे पकडणार नाही, ते शिक्षकानेच बघायला हवं. मी आता सूचनेतच लिहितो, 'शब्द शुद्धलेखनानुसार मोजले जातील'.

भाषांतरवाली_वास्को
सर, तुमचा हा मुद्दा आमच्या पोटापाण्याचा आहे. मी इंग्रजीतून मराठी भाषांतरं करते, मोबदला शब्दांवर असतो. प्रत्यय आणि अव्ययं जोडून येत असल्यामुळे मराठी मजकुराचे शब्द मूळ इंग्रजीपेक्षा बऱ्यापैकी कमी भरतात. तेवढंच काम करून पैसे कमी. म्हणून नवीन भाषांतरकारांना सांगते, दर ठरवताना 'मूळ मजकुराचे शब्द' की 'भाषांतराचे शब्द' हे लेखी घ्या. मी नेहमी मूळ मजकुराचे धरते आणि मोजलेल्या आकड्याचं चित्र कामाच्या पहिल्याच ईमेलला जोडते. पुढे वाद राहत नाही.

वाळपईचो_आनंद
आणि कोंकणीचं कसं? मी दोन्ही भाषांत लिहितो.

कळफलक
देवनागरी कोंकणीला हेच सगळं लागू. रोमी कोंकणी लिहिलीत तर जवळपास कुठलंही साधन शब्द बरोबर मोजेल, कारण लिपी रोमन. शब्दसंख्या दोन्ही लिपींत साधारण सारखी राहील. अक्षरसंख्येत मात्र फरक पडेल.

वाळपईचो_आनंद
बरें आसा, देव बरें करूं. अक्षरसंख्येचं विचारणारच होतो. एका ऑनलाइन अर्जात 'परिचय 500 कॅरॅक्टर' असा चौकोन होता. माझ्या मोजणीने तीनशे अक्षरं झाली नव्हती, तरी पुढे टाइप होईना.

कळफलक
तिथे 'कॅरॅक्टर' म्हणजे आपण बोलतो ते अक्षर नव्हे. संगणक प्रत्येक काना, मात्रा, हलन्त वेगळा मोजतो. 'गोवा' आपल्याला दोन अक्षरं, त्याला चार: ग, ओकार, व, काना. 'स्त्री' आपल्याला एक, त्याला सहा. 'क्षेत्र' आपल्याला दोन, त्याला सात. म्हणून 500 च्या चौकोनात आपली अडीचशे-तीनशे अक्षरं मावली तर समाधान मानायचं. फाइलचा आकार आणखी वेगळा. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे 'गोवा' 12 बाइट.

एसएमएसमध्येही हेच. रोमन मजकुराला एका संदेशात 160 खुणा मिळतात, देवनागरी आली की 70. सोसायटीच्या किंवा देवस्थानच्या सूचना पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर एका सूचनेचे तीन संदेश होतात आणि पैसेही तिप्पट. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) मात्र देवनागरीची प्रत्येक खूण एकच धरतात, तिथे पूर्ण 280 मिळतात.

आपल्या मनातलं अक्षर मोजायची सोय आता होते आहे. 2023 साली आलेल्या युनिकोड 15.1 मध्ये देवनागरीचं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम घातला गेला. त्याआधी 'क्ष'चेसुद्धा दोन तुकडे मोजले जायचे. पण सगळ्या ॲप्समध्ये तो नियम पोचलेला नाही, तेव्हा अर्जाच्या चौकोनात अजून जुनाच हिशेब धरून चाला.

पणजीकर_भाऊ
हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात हाच घोळ चाललाय, तिला दाखवतो.

शोधनिबंध_ताळगाव
विद्यापीठात एमए करते आहे. तळटीपा धरायच्या की नाही, हा आमच्याकडचा मोठा प्रश्न. वर्डमध्ये खालच्या आकड्यावर टिचकी मारली की जी खिडकी उघडते, तिच्यात तळटीपा आणि मजकूर-चौकटी धरायची खूण आहे, हवी तर काढता येते. गूगल डॉक्स तळटीपा आणि शीर्ष-तळाचा मजकूर मोजतच नाही. त्यामुळे एकाच निबंधाचे दोन आकडे येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. मार्गदर्शकांना आधीच विचारून घ्यायचं.

अक्षरजुळणी
अजून एक काळजी. अप्रकाशित कथा किंवा स्पर्धेचा लेख अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नये. तो मजकूर पुढे कुठे साठवला जातो ते आपल्याला दिसत नाही. शब्द मोजण्यासाठी लेख घराबाहेर पाठवायची गरजच काय? वर्ड, लिबरऑफिस दोन्ही नेटशिवाय मोजतात. लिबरऑफिस तर फुकट आहे.

साखळीची_लेखिका
इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी काय ठरवलं ते सांगते. बसमध्ये लिहायला गूगल डॉक्स, आनंदबाबांनी सांगितल्याप्रमाणे फाइल ऑफलाइन ठेवून. घरी आल्यावर चिन्हांआधीच्या जागा माईंच्या पद्धतीने साफ करायच्या आणि शेवटचा आकडा लिबरऑफिसचा धरायचा. संपादकांना फोनही केला. ते वर्डमध्येच मोजतात, म्हणून रेघांच्या दोन्ही बाजूंच्या जागा काढायला लागले, तर काही ठिकाणी रेघेची गरजच नव्हती, स्वल्पविराम पुरला.

कळफलक
ताई, जागा काढताना सांभाळा. 'म्हणायची–नदी' असं सलग झालं तर वर्ड त्या दोन शब्दांचा एक करेल आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसेल. संपादकांना तो फसवा वाटू नये. त्यापेक्षा रेघा आहेत तशा ठेवा आणि सोबतच्या पत्रात 'एकट्या रेघा वगळून 798' असा, काटछाटीनंतर जो आकडा येईल तो लिहा.

आणि कुणीही नवीन साधन घेतलं की आधी हाताने मोजलेला पन्नास शब्दांचा एक मराठी उतारा त्यात टाकून बघा. त्यात जोडाक्षरं असू देत, एखादं साल असू दे, एखादी रेघ असू दे. उत्तर पन्नासच्या जवळ आलं तर ठेवा, नाहीतर सोडा.

साखळीची_लेखिका
तसंच करते. 798 नाही, 796 झालेत आणि शेवटचा परिच्छेद पूर्ण आहे. 😊 अक्षरजुळणींनी सांगितलेली टीपही जोडली, मधला बाजाराचा परिच्छेद वगळला तरी चालेल म्हणून.

डिचोलीचे_सर
एक शंका राहिली. शीर्षक आणि लेखकाचं नाव-पत्ता यात धरायचं का? वर्ड तर सगळंच मोजतो.

शोधनिबंध_ताळगाव
सर, शीर्षक सोडून फक्त मुख्य मजकूर निवडा. खाली 'एकूण इतक्यांपैकी इतके' असे दोन आकडे दिसतील, त्यातला निवडलेल्या मजकुराचा घ्यायचा. डॉक्समध्येही मजकूर निवडून वर्ड काउंट उघडलं की तसंच येतं.